गेलेल्या माणसाचं खरं किती बोलावं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे संस्थापक-अध्यक्ष गेल्या आठवड्यात वारले. पूर्व भागात वाचनालय त्यांनीच उभं केलं, रक्तदान शिबिरं भरवली. पण विडी वळणाऱ्या बायकांच्या पिग्मीच्या ठेवी दोन वर्षं अडकल्यात, त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. तेराव्यानंतर शोकसभा आहे. मी बोलावं आणि स्मरणिकेसाठी लेखही द्यावा, असा आग्रह चाललाय. काय करू?
– एक सभासद, सोलापूर

उत्तर : भाषण आणि लेख वेगळे धरा. शोकसभेत पहिल्या रांगेत घरची माणसं बसलेली असतात. तिथे ठेवींचा विषय काढलात की पुढचे चार वक्ते तुमचीच धुलाई करतील आणि दुसऱ्या दिवशी चर्चा ठेवींची न होता तुमच्या वागण्याची होईल. त्यात त्या बायकांचंच नुकसान. तेव्हा तीन मिनिटं, लिहून काढलं तर सव्वातीनशे शब्दांच्या आत, फक्त डोळ्यांदेखत घडलेलं सांगा : वाचनालयाला जागा कशी मिळवली, पहिली कपाटं कुठून आणली. ‘स्वच्छ कारभार’, ‘गोरगरिबांचा आधार’ हे शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. (‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ इतर वक्ते आणतीलच.) एखादी गोष्ट न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘स्वच्छ कारभार’ म्हणणं मात्र खोटं, आणि उद्या ठेवीदार दारात आले की तुमचंच भाषण त्यांना ऐकवलं जाईल. मेलेल्या म्हशीला मणभर दूध आपल्याकडे असतंच. इथे ते दूध दुसऱ्यांच्या पैशाचं आहे.

लेखात मात्र ठेवींचा उल्लेख हवाच. स्मरणिका वर्षानुवर्षं कपाटात राहते आणि पुढे कोणी संस्थेचा इतिहास लिहायला बसलं तर तीच हाती लागते. ‘अध्यक्षांनी गरिबांचे पैसे खाल्ले’ हे वाक्य टिकणार नाही. ‘ते अध्यक्ष असताना दिलेल्या अमुक कर्जांना पुरेसं तारण नव्हतं असं लेखापरीक्षणात नोंदलं आहे, अमुक महिन्यापासून ठेवी परत देणं थांबलं’ हे टिकेल. त्यासाठी आधी कागद बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्तं कार्यालयीन वेळेत फुकट पाहता येतात. नकला हव्या तर फी भरावी लागते. आजारपण, व्यसन, घरातली भांडणं यांना हात लावू नका, ठेवींशी त्यांचा संबंध नाही. संपादक ‘तेवढा परिच्छेद काढू’ म्हणाले तर अख्खा लेख परत घ्या. उरलेल्या कौतुकाखाली नाव तुमचंच छापलं जाणार.

बदनामीच्या खटल्याची भीती कोणीतरी घालेलच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे (१ जुलै २०२४ च्या आधी दंड संहितेचं ४९९) मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. मात्र दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात : ती व्यक्ती हयात असती तर तिच्या नावाला बट्टा लागला असता, आणि लिहिणाऱ्याचा हेतू जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा होता. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आता समाजसेवेचीही तरतूद आहे. लोकहितासाठी केलेलं खरं विधान अपवादात बसतं. नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. लोकांच्या ठेवींबाबत ते अवघड जाऊ नये. गोत्यात आणतो तो टोमणा. अवतरणातलं ‘दानशूर’, एखादं खोचक उद्गारचिन्ह, यातून हेतू दिसतो. छापायला देण्याआधी असे सगळे शब्द काढून टाका.

पैशाचं काम मात्र तेराव्यापर्यंतही थांबवू नका. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली मृत पदाधिकाऱ्याकडूनही संस्थेचं नुकसान वसूल करता येतं. त्याची मालमत्ता ज्या वारसाकडे आली त्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. लेखापरीक्षण किंवा चौकशी सुरू झाल्याच्या आधीची पाच वर्षंच त्यात धरली जातात, म्हणून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज लांबवण्यात तोटा ठेवीदारांचाच.

प्रश्न : भ्रष्टाचाराचा खटला चालू असताना आमचे एक माजी लोकप्रतिनिधी वारले. कार्यकर्ते म्हणतात, खटला संपला म्हणजे साहेब निर्दोष. आता चौकाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय. गप्प बसावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गप्प बसू नका. शोकसभेचा संयम इथे लागू नाही. नाव देणं हा हयात लोकांनी आज घ्यायचा निर्णय आहे. ठराव होण्याआधी महापालिकेकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि एक पानच लिहा. लांबलचक पत्र बाजूला पडतं.

आरोपी मेला की खटला त्याच्यापुरता थांबतो. तो निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही. तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्याचं उदाहरण घ्या. २७ सप्टेंबर २०१४ रोजी बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड केला. मे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. ५ डिसेंबर २०१६ ला त्या वारल्या. १४ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या तिघा सहआरोपींची विशेष न्यायालयाने दिलेली शिक्षा कायम केली आणि जयललितांपुरतं अपील मृत्यूमुळे संपल्याचं नोंदवलं. यातला एकच टप्पा उचलून ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ लिहिणारे दोघेही फसवतात. तुमच्या अर्जातही असेच टप्पे तारखांसह मांडा : गुन्हा कधी नोंदला, आरोपपत्र कधी दाखल झालं, मृत्यूच्या वेळी खटला कुठवर आला होता. विशेषणाची गरज पडणार नाही.

प्रश्न : नेता वारला त्याच दिवशी टीकेचं स्टेटस ठेवलं तर पोलीस उचलतात का?
– कॉलेज विद्यार्थी

उत्तर : नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदवर फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही अटक झाली होती. तेव्हा वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. धर्म-जात ओढून तेढ वाढवलीत तर इतर कलमं आहेतच. पहिल्या दिवशी आणखी एक भानगड होते : निधनाची बातमीच खोटी निघते. घरच्यांनी, रुग्णालयाने किंवा पक्षाने अधिकृतपणे सांगेपर्यंत कौतुकही टाकू नका आणि टीकाही.