मशीन मधूनच गोठतं, लॉग मात्र कोरा

प्रश्न : मी अंधेरीला सीप्झमध्ये एका कंपनीत लिनक्सचे ड्रायव्हर लिहिते. आमच्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिणारं एक छोटं फंक्शन आहे. त्यात सुरुवातीला स्पिन-लॉक-आयआरक्यू (इंटरप्ट बंद करून लॉक घेणारं) आणि शेवटी स्पिन-अनलॉक-आयआरक्यू आहे. ऑफिसात सगळं सुरळीत चालतं, ग्राहकाकडे मात्र मशीन मधूनच गोठतं आणि लॉग कोरा असतो. मेमरी खराब असेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मेमरीला इतक्यात हात लावू नका. माझा संशय त्या शेवटच्या ओळीवर आहे. स्पिन-अनलॉक-आयआरक्यू लॉक सोडतं आणि त्या सीपीयूवरचे इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हार्डवेअरच्या हाका, सरळ चालू करून टाकतं. आधी ते चालू होते की बंद, याची चौकशी करत नाही. चाळीत शेजारणीकडे विरजण मागायला गेलं, की दार जसं होतं तसं ठेवून निघायचं असतं. हे फंक्शन दरवेळी दार सताड उघडं टाकून येतं.

आता समजा, दुसऱ्या फंक्शनने इंटरप्ट बंद करून, वेगळा लॉक धरून तुमचं फंक्शन बोलावलं. परत येताना त्याचा लॉक हातात आहे, पण इंटरप्ट चालू झालेत. नेमका तेव्हा त्याच सीपीयूवर कार्डाचा इंटरप्ट आला आणि त्याला उत्तर देणाऱ्या फंक्शनने, म्हणजे हँडलरने, तोच लॉक मागितला, तर हँडलर लॉकसाठी गरगरत राहणार आणि लॉकवाला हँडलर संपायची वाट बघणार. लॉगमध्ये लिहायला उरतं कोण? ही फट मायक्रोसेकंदांची असते, म्हणून डेटा सतत येत असेल तिथेच ती गाठते.

स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह आणि स्पिन-अनलॉक-आयआरक्यूरिस्टोर वापरा. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर, फ्लॅग्ज रजिस्टरमधला 9 क्रमांकाचा बिट इंटरप्टची स्थिती सांगतो. सेव्ह ती टिपून ठेवतं आणि रिस्टोर तीच परत आणतं. ही नोंद ठेवणारा फ्लॅग्ज हा अनसाइन्ड लाँग, त्याच फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल हवा. एकात एक दोन लॉक घेताना दोन्हींना एकच फ्लॅग्ज देऊ नका. आतला सेव्ह बाहेरच्याची नोंद पुसतो, मग शेवटी इंटरप्ट बंदच राहतात. कोणाचाही ड्रायव्हर तपासायला घेतला, की मी आधी हेच शोधते. कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.5 किंवा पुढचं असेल तर गार्ड वापरा, ब्लॉक संपताना रिस्टोर आपोआप होतं.

साधं आयआरक्यूवालं रूप चूक नाही. आयऑक्टलसारख्या (प्रोग्रामने ड्रायव्हरला थेट दिलेल्या आज्ञेच्या) ठिकाणी, जिथे इंटरप्ट चालूच असल्याची खात्री आहे, तिथे ते चालतं. पण चार ठिकाणांहून बोलावल्या जाणाऱ्या मदतनीस फंक्शनमध्ये ते मला अजिबात मान्य नाही. उद्या कोण कुठून बोलावेल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

तपासायला ऑफिसातल्या टेस्ट कर्नलमध्ये प्रूव्ह-लॉकिंग हा पर्याय चालू करा. त्याने लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप चालू होतं. कर्नल-प्रोग्रामर इंगो मोल्नारचं हे लॉकडेप 2006 पासून, म्हणजे 2.6.18 पासून कर्नलमध्ये आहे. मशीन गोठायची गरज नाही. तो मार्ग आणि तो हँडलर एकेकदा चालले, तरी ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ असा इशारा लॉगमध्ये येतो आणि खाली दोन्ही बाजूंच्या फंक्शनांची साखळी छापली जाते. त्या साखळीत तुमचं फंक्शन दिसलं, तर ते दुरुस्त करून ग्राहकाला ड्रायव्हरचं नवं मॉड्यूल पाठवा.