माग, आजोबा आणि चिंतनपर टिपण

प्रश्न : आजोबांच्या यंत्रमागावर मी आठ मिनिटांचा लघुपट केला. खडखडाटात त्यांची मुलाखत ऐकूच येईना, म्हणून आवाज मागाहून जोडला. आता महाविद्यालयाला यावर चिंतनपर टिपण, म्हणजे लघुपट करताना काय ठरवले आणि का, याचा लेखी विचार हवा आहे. आखणी कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : लघुपटाची कथा पुन्हा सांगू नका, परीक्षकांनी ती पडद्यावर पाहिलेली असते. चित्रीकरणाची वही, पटकथेचा पहिला खर्डा आणि वगळलेली दृश्ये समोर ठेवा आणि जिथे बेत बदलावा लागला अशा दोन-तीनच जागा निवडा. आवाज मागाहून जोडल्यामुळे प्रेक्षक आजोबांच्या जवळ आला की त्यांच्यापासून दुरावला, हे सविस्तर लिहा. टिपणाचा जीव इथेच आहे. जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकले असेल, तर आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा लागतो, एवढे एका वाक्यात पुरे. तुटलेला धागा आजोबा चिमटीत धरून गाठतात, ते दृश्य किती सेकंद ठेवले आणि का, यावर मात्र सावकाश लिहा. मला स्वतःला असा एक परिच्छेद पानभर सिद्धांतापेक्षा मोलाचा वाटतो. टिपणाचा खर्डा आजोबांना वाचून दाखवा आणि त्यांनी जिथे हरकत घेतली, तेही टिपणात नोंदवा.