सुरुवात एकाच कथेपासून कर

इजिप्त आणि ग्रीस, दोन्हींच्या पुराणकथांचा अभ्यास एकदम हातात घेतलास, छान केलंस. पण देवांच्या वंशावळी पाठ करत बसू नकोस. एकच कथा धर आणि तिचा माग काढ. मी ओसायरिस या इजिप्शियन देवाची सुचवेन.

सेतने भावाला, म्हणजे ओसायरिसला, मारून त्याचे चौदा तुकडे केले, ओसायरिसची बायको इसिस हिने ते शोधले, ही सलग गोष्ट आपल्याला मिळते ती प्लूटार्ककडून. तो ग्रीक लेखक, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर ओसायरिस आहेच, पण मंत्रांमध्ये, तुटक उल्लेखांतून.

आता खरी गंमत बघ. प्लूटार्क सांगतो की ओसायरिसचं लिंग माशांनी खाल्लं, इसिसला ते सापडलंच नाही. इजिप्तमधल्याच अबायडॉसला, राजा सेती पहिला याच्या मंदिरातल्या कोरीव चित्रात मात्र ओसायरिस आडवा आहे, इसिस घारीच्या रूपात त्याच्यावर उतरलीय आणि त्यांच्या मुलाचा, होरसचा, गर्भ राहतोय. अशा जागी थांबायचं. कोण, कुठे, कोणत्या काळात काय सांगतंय ते वहीत लिहून ठेवायचं.

ग्रीकांकडे वळशील तेव्हा आधी हेसिअड या कवीची ‘थिऑगनी’ वाच, देवांच्या उत्पत्तीचं काव्य आहे ते. जेमतेम हजार ओळी आहेत. मग होमर. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ओसायरिसला सरळ डायोनायसस, म्हणजे ग्रीकांचा मद्याचा देव, ठरवतो. ही जोडी ग्रीकांच्या नजरेतून लावलेली आहे, म्हणून दोघांच्या नोंदी वेगळ्याच ठेव. आपल्या पुराणांशी तुलना करायचा मोह होईल, तोही निदान पहिलं वर्षभर आवर.