अंतराळवीरांच्या सह्या पोस्टाने मागवणार असशील तर

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि खूप बरं वाटलं, हल्ली पोस्टाने काही मागवायचं म्हणणारं कोणी भेटत नाही आणि त्यातून अंतराळवीरांच्या सह्या म्हणजे माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत सांगून होणारं हे नाहीये म्हणून नीट बसून लिहितेय. तू विचारलंस की ऑनलाइन नील आर्मस्ट्राँगची सही विकायला आहे, पॉकेटमनी साठवलाय, घेऊन टाकू का. तर नको. आत्ता तर नकोच, आणि सुरुवातच विकत घेण्यापासून अजिबात करू नकोस.

कारण ऐक. आर्मस्ट्राँगनी १९९४ मध्येच सह्या देणं बंद केलं होतं, आपल्या सह्या विकल्या जातायत आणि खोट्याही बाजारात फिरतायत हे त्यांना दिसत होतं. २०१२ मध्ये ते गेले. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाची सही जगात सगळ्यांनाच हवी, नवीन मिळणं बंद, मग ती मागणी भागवायला बनावट सह्या करणारेच पुढे येणार ना. इथे मुंबईतल्या एका प्रदर्शनात मी स्वतः बघितलंय, एक विक्रेता मस्त फ्रेम करून आर्मस्ट्राँगची सही विकत होता, खाली सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, आणि सही बघितली तर ऑटोपेनची. सर्टिफिकेट कोणीही छापून आणू शकतं रे, त्यावर कधीच जाऊ नकोस.

ऑटोपेन म्हणजे सही करणारं मशीन. माणसाच्या खऱ्या सहीवरून एक साचा बनवतात, मशीनचा हात त्या साच्यावरून फिरतो आणि त्यात अडकवलेलं साधं पेन कागदावर तीच सही उमटवतं. साठच्या दशकात नासाकडे पत्रांचा इतका पूर यायचा की अंतराळवीरांच्या ऑफिसात हे मशीन सर्रास वापरलं जायचं, कधी कधी सेक्रेटरीसुद्धा सही करून द्यायच्या. शाई खरी असते त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. म्हणून आधी एक चांगलं भिंग घे, दहापट मोठं दाखवणारं, आणि रेघ वाचायला शीक. माणूस सही करतो तेव्हा हात चालू असतानाच पेन कागदावर येतं, वळणावर जरा रेंगाळतं, शेवटी झटक्यात उचललं जातं, त्यामुळे रेघ कुठे जाड कुठे बारीक आणि शेवटाला निमुळती झालेली दिसते, आणि जिथे दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे शाई गडद होते. मशीनची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, दोन्ही टोकांना शाईचा ठिपका कारण पेन आधी टेकतं मग चालू लागतं, आणि लांब वळणांमध्ये एक बारीकशी थरथर. सगळ्यात पक्की खूण म्हणजे दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या तर त्या मशीनच्या, कुठलाही माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही, तू स्वतःची करून बघ. छापलेली सही मात्र लगेच कळते, भिंगाखाली रेघेऐवजी छपाईचे ठिपके दिसतात आणि फोटो उजेडात तिरका धरला तरी शाईची वेगळी चकाकी येत नाही.

हे शिकायला पैसे लागत नाहीत. ऑक्शनवाल्यांच्या साइटवर मोठे फोटो असतात, एकाच अंतराळवीराच्या दहा-पंधरा सह्या शेजारी शेजारी लावून बघत बस, डोळा आपोआप तयार होतो.

आता कोणाला लिहायचं. माझं स्पष्ट मत आहे की जे आज काम करतायत त्यांना. १९६९ ते १९७२ मध्ये चंद्रावर चाललेले बारा जण, त्यातले आता अगदी थोडे राहिलेत, सगळे नव्वदीतले, आणि त्यांच्या सह्या बहुतेक करून पैसे मोजूनच मिळतात. त्या नावांच्या मागे लागून तू दमशील आणि महिनाभरात नाद सोडून देशील. उलट स्पेस स्टेशनवर सहा-सहा महिने राहून आलेली कितीतरी माणसं आहेत ज्यांची नावं आपल्याकडे कोणाला माहीत नाहीत, त्यांना मुंबईहून एका मुलाने त्यांच्याच मोहिमेबद्दल नीट वाचून लिहिलेलं पत्र मिळालं तर त्याची किंमत त्यांना वाटते. माझ्याकडे ज्या सह्या मला सगळ्यात प्रिय आहेत त्या अशाच लोकांच्या आहेत, वर माझं नाव लिहून दिलेल्या.

नासाच्या सध्याच्या अंतराळवीरांना लिहायचं ते अ‍ॅस्ट्रोनॉट ऑफिस, मेल कोड सीबी, जॉन्सन स्पेस सेंटर, ह्यूस्टन, टेक्सास ७७०५८ या पत्त्यावर, आणि वर त्या अंतराळवीराचं पूर्ण नाव. पाठवायच्या आधी नासाच्या वेबसाइटवर तेव्हाचा नियम काय आहे तो एकदा बघून घे, असे नियम बदलत असतात. युरोपचे अंतराळवीर जर्मनीत कोलोनला असतात, युरोपियन अ‍ॅस्ट्रोनॉट सेंटरमध्ये, आणि तिकडे फोटोवाल्या ऑटोग्राफ कार्डांची पद्धतच आहे. कोणाच्याही घरचा पत्ता शोधून लिहू नकोस. इंटरनेटवर असे पत्ते फिरत असतात, मिळाला तरी वापरायचा नाही, याबाबतीत मी कडक आहे. नोकरीत असलेल्यांना ऑफिसच्या पत्त्यावर आणि रिटायर झालेल्यांना ते जिथे शिकवतात किंवा ज्या संस्थेत आहेत तिथे, बस.

आणि आपले लोक विसरू नकोस. गगनयानसाठी, म्हणजे इस्रोच्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघे, शुभांशु शुक्ला, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, यांना बेंगळुरूला इस्रोच्या ह्यूमन स्पेस फ्लाइट सेंटरच्या पत्त्यावर लिहिता येतं, आणि इथे परतीच्या पाकिटावर आपलीच तिकिटं चालतात त्यामुळे पहिला प्रयत्न म्हणून हे सगळ्यात सोपं. शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आले, तिथे पोचलेले पहिले भारतीय, त्यामुळे त्यांच्याकडे पत्रांचा ढीग असणार. म्हणून तू बाकीच्या तिघांनाही लिही, आणि ते उड्डाण करायच्या आधी लिही.

आता पत्र. बहुतेक लोक इथेच चुकतात. इंटरनेटवरून एकच मजकूर उचलायचा, वरचं नाव बदलायचं आणि वीस जणांना पाठवायचं, असं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. तू एका वेळी एकालाच लिही, हाताने, एक पान, स्वच्छ अक्षरात. पहिल्या दोन ओळींत तू कोण, कुठला, काय शिकतोस. मग त्यांच्या मोहिमेतली एक खरी गोष्ट. समजा तू राजा चारींना लिहितोयस, ते नोव्हेंबर २०२१ ते मे २०२२ नासाच्या क्रू-३ या स्पेस स्टेशनवरच्या मोहिमेचे कमांडर होते. "तुम्ही माझे हीरो आहात" हे त्यांना हजारांनी लिहिलं असेल. त्यापेक्षा वाच की २३ मार्च २०२२ ला ते जर्मनीच्या मॅथियास माउरर यांच्याबरोबर स्पेसवॉकला गेले होते आणि परत आत आल्यावर माउरर यांच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. हेल्मेटमध्ये पाणी म्हणजे साधी गोष्ट नाही, तिथे पाणी खाली पडत नाही, तोंडावर नाकावर चिकटून बसतं. तर विचार की बरोबरच्या माणसाच्या हेल्मेटमध्ये पाणी आहे हे कळल्यावर पहिल्या काही मिनिटांत तुम्ही काय केलंत. असा प्रश्न ज्याने वाचलंय तोच विचारू शकतो. मग शेवटी एका वाक्यात सहीची विनंती, आणि शक्य असेल तर माझं नाव लिहून द्या असं सांग. काही जण म्हणतील नाव लिहिलं की विकताना भाव कमी येतो, खरं आहे, पण तुला विकायची नाहीये ना. नाव लिहून मागणारा सही विकायला निघालेला नाही हे समोरच्यालाही कळतं.

वेळेचं भान ठेव. स्टेशनवर असलेल्या माणसाला पत्र पाठवलंस तर ते सहा महिने पडून राहणार, खाली आल्यावर पहिले ४५ दिवस तर शरीर ताळ्यावर आणण्याचा कार्यक्रमच असतो, त्यानंतर रिपोर्ट, मीटिंगा, दौरे. मी साधारण उतरल्यावर चार महिन्यांनी लिहिते. नाहीतर नुकतेच निवडलेले, ज्यांचं अजून उड्डाण झालेलं नाही, त्यांच्याकडे पत्रं कमी जातात. अनिल मेनन नासाच्या २०२१ च्या तुकडीतले आणि त्यांची बायको अ‍ॅना मेनन २०२५ च्या तुकडीतली, ती तर नासात निवड व्हायच्या आधीच २०२४ मध्ये खाजगी मोहिमेतून अंतराळात जाऊन आलेली, अशा जोड्या शोध, त्यात गंमत आहे.

बरोबर काय पाठवायचं? नासाच्या ऑफिसला लिहिताना रिकाम्या हातानेही चालतं, सही द्यायची असेल तर ते आपलाच छापील फोटो, ज्याला लिथो म्हणतात, तो स्वतःच्या पाकिटात घालून पाठवतात. मोठं पाकीट, कोपऱ्यात नासाचा पत्ता आणि खाली खाजगी वापर केल्यास ३०० डॉलर दंड अशी बारीक ओळ छापलेली, ते दारात दिसलं की जो आनंद होतो तो तू अनुभवशीलच. बाकीच्यांना मात्र फोटो आणि परतीचं पाकीट आपण द्यायचं. नासाचे फोटो मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड करता येतात, जवळच्या फोटोलॅबमध्ये ४ बाय ६ चा प्रिंट काढ, सही येईल अशी फिकट जागा असलेला फोटो निवड, काळ्या आकाशावर काळा मार्कर दिसणार कसा. परतीच्या पाकिटावर भारतीय तिकिटं लावून अमेरिकेतून पत्र येत नाही, तिथलीच तिकिटं लागतात. त्यांचं गोल आकाराचं ग्लोबल फॉरेव्हर तिकीट असतं, एका औंसापर्यंतचं, म्हणजे साधारण २८ ग्रॅमचं, पत्र जगात कुठेही जातं, तुझे मामा न्यू जर्सीला आहेत त्यांना पुढच्या वेळी येताना आणायला सांग. म्हणूनच छोटा फोटो म्हणतेय, मोठं कडक पाकीट त्या एका तिकिटात बसत नाही. पातळ पुठ्ठा आणि पाकिटं अब्दुल रेहमान स्ट्रीटला घाऊक मिळतात.

पोस्ट करायला जीपीओलाच जा असं काही नाही पण मी सांगेन की पहिल्या वेळी जाच, सीएसएमटीच्या बाजूला, तो मोठा घुमट बघून ये आणि फिलाटेली ब्युरोत, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांच्या काउंटरवर, पण डोकाव. परदेशी टपालाचा दर काउंटरवर वजन करून विचार. अमेरिकेचं टपाल चालू आहे ना हेही विचारून घे, ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे कस्टम्सचे नियम बदलले तेव्हा आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंगच थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये परत सुरू झालं. जिची दुसरी प्रत मिळणार नाही अशी वस्तू सहीसाठी कधीच पाठवू नकोस. आजोबांचं १९८४ चं राकेश शर्मांच्या मोहिमेचं तिकीट लावलेलं पाकीट तुझ्याकडे आहे ना, ते तर मुळीच नाही, ते हातात घेऊन कुठल्यातरी व्याख्यानाला जा आणि समोर सही घे.

आजोबांवरून आठवलं. अंतराळात गेलेले पहिले माणूस युरी गागारिन १९६१ मध्ये मुंबईत येऊन गेले होते आणि आर्मस्ट्राँगसकट अपोलो ११ या चांद्रमोहिमेचे तिघेही ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत उतरले होते. तुझ्या बिल्डिंगमधल्या, ओळखीतल्या सत्तरी-ऐंशीच्या लोकांना विचारून बघ, कोणीतरी त्या गर्दीत असेल. सही नसेल कदाचित, पण आठवण असेल, ती लिहून घे.

उत्तर आलं की पाकीट फेकू नकोस, त्यावरचा शिक्का आणि तारीख हाच तुझ्या सहीचा खरा पुरावा. दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेव. लॅमिनेशन करायचं नाही, कितीही कोणी सांगितलं तरी. सही भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅनचा प्रिंट लाव, मार्करची शाई उजेडाने फिकी पडते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा अशी की फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटतो. पीव्हीसीचे वास येणारे फोल्डर नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे स्लीव्ह घे, सपाट ठेव, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. फोटोच्या मागे पेनाने काही लिहायचं नाही.

एक वही कर, कोणाला कधी पाठवलं, बरोबर काय घातलं, काय विचारलं. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं आणि काही पत्रांना उत्तर येतच नाही, त्यांना परत परत आठवण करून द्यायची नाही, वर्षभराने फार तर एकदा.

पहिलं पत्र अजित कृष्णन किंवा अंगद प्रताप यांच्यापैकी कोणाला लिहायचं ते ठरव आणि कच्चं लिहून शनिवारपर्यंत मला पाठव, मी बघून देते. इंग्रजीची काळजी करू नकोस, प्रश्न चांगला शोध. आणि भिंग विकत घ्यायची घाई नको, माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा.

तुझी,
काकू