स्टीमचा (संगणकावर गेम घेण्या-खेळण्याच्या अ‍ॅपचा) आयकॉन गायब आणि सी ड्राइव्हही भरलीय, मग स्टीम काढून पुन्हा टाकू का?

काढू नका! अनइन्स्टॉल केलंत तर स्टीमच्याच फोल्डरमधले गेमही पुसले जातील आणि ५०-६० जीबी पुन्हा डाउनलोड करत बसावं लागेल.

आधी घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करा. खिडकी बंद केली तरी स्टीम तिथे चालूच असतं. नसेल तर स्टार्ट मेनूत 'स्टीम' टाइप करा.

जागेसाठी स्टीमच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये डी ड्राइव्ह जोडा. मग लायब्ररीत गेमवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथून गेम हलवा. फोल्डर हाताने कट-पेस्ट करू नका, स्टीमला तो सापडत नाही.

संगणक सुरू होताच स्टीम आपोआप उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये इंटरफेसखालचा तो पर्याय बंद करा.