ओढ्यावर मालगाडीची वाघीण

प्रश्न : अमेरिकेत आयोवामध्ये शेतरस्त्यावर जुन्या सपाट वाघिणींचा (मालगाडीच्या बिनभिंतीच्या, बिनछपराच्या डब्यांचा) पूल पाहिला. असा पूल भरवशाचा असतो का?

उत्तर : वाघीण पारखून घेतली तर असतो. तिथल्या काही काउंटींनी (जिल्ह्यासारखे विभाग) कमी वर्दळीच्या रस्त्यांवर ५६ आणि ८९ फुटी वाघिणी वापरल्या आहेत. बोग्या (डब्याखालचे चाकांचे गाडे), कपलिंग (डबे जोडायचे आकडे), ब्रेकचे पाइप काढून सांगाडा काँक्रीटवर टेकवतात. टेकवायचा शक्यतो बोगीच्या जागीच. टोकांवर टेकवला की गाळा (दोन आधारांमधलं अंतर) लांबतो आणि मधल्या तुळईवर नको तेवढा ताण येतो. रुंदी जेमतेम ९ फूट, म्हणून दोन-तीन शेजारी लावतात. त्या नुसत्या ठेवल्या तर चाक ज्या कडेवर येईल ती एकटीच दबते, कारण कडेच्या तुळया हलक्या असतात. म्हणून त्या एकमेकींना जोडाव्याच लागतात, उदाहरणार्थ मधल्या फटीत सळया बांधून काँक्रीट भरून.

विकत घेताना मधल्या तुळईला ताणलेली दोरी लावून ती वाकली आहे का पाहा. वरच्या बाजूला किंचित बाक मूळचाच असतो. खाली झोळ दिसला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. वेल्डिंगजवळच्या भेगा आणि माती साचणारे कोपरे तपासा, गंज तिथेच धरतो.

‘७० टन वाहायची, मग ट्रक सहज जाईल’ हा हिशेब फसवा आहे. वाघिणीत माल पसरलेला असतो, पुलावर तो चाकाखाली एकवटतो. भारमर्यादा इंजिनिअरकडूनच काढून घ्यावी.