एल्टन जॉनच्या सत्तरच्या दशकातील अल्बमांच्या कोणत्या आवृत्त्या घ्याव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, एल्टन जॉनचे १९७० ते १९७६ या काळातील अल्बम सीडीवर जमवायचे असतील, तर पन्नास वर्षांच्या निमित्ताने निघालेले महागडे संच घ्यावेत, की सेकंडहँड मिळणाऱ्या जुन्या सीडी पुरेशा आहेत. माझे मत स्पष्ट आहे: १९९५-९६ मध्ये निघालेल्या मालिकेपासून सुरुवात करावी आणि तिच्या पुढे मोजक्याच ठिकाणी जावे.

याचे मुख्य कारण गस डजन. या काळातील जवळजवळ सर्व अल्बमांचे निर्माते तेच होते, आणि नव्वदच्या दशकातील ही पुनर्प्रकाशनेही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. २००२ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाल्यामुळे त्यानंतरच्या आवृत्त्यांना त्यांचा कान लाभलेला नाही. शिवाय या मालिकेत जोडलेली गाणी उगाच भर म्हणून आलेली नाहीत. त्यांतील बहुतेक त्याच सुमारास सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्यासाठी निघणाऱ्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला निघालेली आणि अल्बमात जागा न मिळालेली आहेत. उदाहरणार्थ, ‘स्कायलाइन पिजन’ १९६९ च्या ‘एम्प्टी स्काय’वर हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या साथीने आहे, ‘डॅनियल’ या सिंगलच्या मागच्या बाजूला निघालेले त्याचे पियानोवरील रूप ‘डोन्ट शूट मी आय’म ओन्ली द पियानो प्लेअर’ या अल्बमाच्या या आवृत्तीत मिळते, आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर तीनच वर्षांत हा गायक किती मोकळा झाला होता, हे कानाला कळते. ‘ग्रे सील’चेही तसेच: १९७३ मध्ये ‘गुडबाय येलो ब्रिक रोड’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित होण्यापूर्वीचे त्याचे १९७० मधील रूप ‘एल्टन जॉन’ या अल्बमाच्या शेवटी जोडलेले आहे.

‘टंबलवीड कनेक्शन’च्या बाबतीत तर जोडलेल्या गाण्यासाठीच सीडी घ्यावी, असे मी म्हणेन. ‘मॅडमन अक्रॉस द वॉटर’ हे गाणे आधी याच अल्बमासाठी मुद्रित झाले होते. त्यावर पुढे डेव्हिड बोवीचा साथीदार म्हणून गाजलेल्या मिक रॉन्सनची गिटार आहे आणि ते जवळजवळ नऊ मिनिटे चालते. ते बाजूला ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी पॉल बकमास्टरने संयोजित केलेल्या तंतुवाद्यांसह नव्याने आले. नवे रूप अधिक रेखीव आहे, यात वाद नाही. पण मला मात्र रॉन्सनचा तो खडबडीत, काहीसा बेशिस्त अवतार अधिक भिडतो. या अल्बमाची २००८ मधील दोन सीडींची आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी, कारण तिच्यात हे गाणे आहेच आणि पियानोवरील कच्ची मुद्रणेही आहेत.

मालिकेचा खरा विजय मात्र ‘हिअर अँड देअर’मध्ये आहे. १९७६ मध्ये हा मैफलींचा अल्बम निघाला तेव्हा त्यात नऊच गाणी होती आणि तो काहीसा उरकून टाकल्यासारखा वाटे. डजन यांनी त्याची दोन सीडींची, पंचवीस गाण्यांची आवृत्ती केली. तिच्यात २८ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन लेनन अचानक मंचावर आला आणि तीन गाणी गायला, तो सगळा भाग आहे. मूळ अल्बमात यातील काहीही नव्हते. एखाद्या पुनर्प्रकाशनाने जुन्या अल्बमाची योग्यताच बदलावी, असे क्वचित घडते.

आता मोठ्या संचांविषयी. ‘गुडबाय येलो ब्रिक रोड’ सुमारे ७६ मिनिटांचा असल्यामुळे एका सीडीवर जोडगाण्यांना जागा उरत नाही. २०१४ च्या मोठ्या संचात ती आहेत, आणि डिसेंबर १९७३ मधील लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची मैफलही आहे. मैफल उत्तम आहे. त्याच संचात आजच्या गायकांनी गायलेली याच अल्बमातील गाणी आहेत. ती मी एकदा ऐकली, पुन्हा ऐकण्याची इच्छा झाली नाही. ‘मॅडमन अक्रॉस द वॉटर’ या अल्बमाची २०२२ मधील आणि ‘हॉन्की शॅटो’ची २०२३ मधील आवृत्ती ही कच्च्या मुद्रणांची आवड असलेल्यांसाठी आहे, गाणे कसे घडत गेले याचे कुतूहल नसेल, तर त्यांवर खर्च करू नये.

‘ब्लू मूव्हज’ घेताना मात्र सावध राहावे. हा दुहेरी अल्बम एका सीडीच्या मर्यादेपेक्षा लांब असल्यामुळे अमेरिकेतील जुन्या एका सीडीच्या आवृत्तीतून चार गाणी गाळलेली होती. मी ती सेकंडहँड घेतली आणि घरी येऊन गाणी मोजल्यावर चूक लक्षात आली. दोन सीडी असतील तरच घ्यावी.

‘कॅप्टन फॅन्टॅस्टिक’साठी मी २००५ ची आवृत्ती सुचवेन. तिच्या दुसऱ्या सीडीवर २१ जून १९७५ ची वेम्बली मैदानावरील मैफल आहे, जिच्यात नुकताच निघालेला हा अल्बम एल्टनने अथपासून इतिपर्यंत वाजवला. अल्बमाच्या ध्वनिमुद्रणानंतर बास गिटारवादक डी मरे आणि ड्रमवादक नायजेल ओल्सन या जुन्या साथीदारांना त्याने काढून टाकले होते, त्यामुळे मंचावर बराचसा नवा ताफा होता. दिवसभर उन्हात बसलेले श्रोते अनोळखी गाण्यांना कंटाळून मध्येच उठून जाऊ लागले. मात्र सीडीवर ऐकताना त्या नव्या ताफ्याचा जोर पाहून, उठून गेलेल्यांची मला थोडी कीवच येते.